लॅपटॉपच्या पोटात डेस्कटॉपचा प्रोसेसर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लॅपटॉप इतका का तापतो, थोड्या वेळाने मंद का होतो आणि ‘डेस्कटॉपच्या ताकदीचा’ म्हणून विकला जाणारा लॅपटॉप खरोखर तेवढ्या ताकदीचा असतो का, असे विचारणारी पत्रे गेल्या दोन महिन्यांत बरीच आली. इलेक्ट्रॉनिक उपकरणे थंड कशी ठेवावीत याच कामात माझी नोकरीतली बहुतेक वर्षे गेली असल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून या वेळची सगळी जागा याच प्रश्नांना दिली असून सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: मी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुकानातल्या एका लॅपटॉपवर ‘कोअर आय-९, २४ कोअर’ असे लिहिले होते. माझ्या भावाच्या डेस्कटॉपमध्येही २४ कोअरचाच आय-९ आहे. मग दोन्ही एकच म्हणायचे का? – विद्यार्थिनी, पुणे

सिलिकॉनच्या तुकड्यापुरते बोलायचे तर होय, बहुधा दोन्ही एकच आहेत. पूर्वी लॅपटॉपसाठीची चिप अनेकदा वेगळी आखली जात असे. मे २०२२ मध्ये इंटेलने बाराव्या पिढीची ‘एचएक्स’ मालिका आणली आणि डेस्कटॉपसाठी घडवलेलाच तुकडा पातळ वेष्टनात घालून लॅपटॉपच्या मदरबोर्डवर बसवला. पुढच्या पिढीतला डेस्कटॉपचा आय-९ १३९००के आणि लॅपटॉपचा आय-९ १३९८०एचएक्स घ्या. दोन्हींत ८ मोठे आणि १६ छोटे असे २४ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गणनेचे भाग, आहेत. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीनेही जानेवारी २०२३ मध्ये हाच मार्ग धरला आणि रायझन ९ ७९५०एक्समधली १६ कोअरची रचना ७९४५एचएक्स या नावाने लॅपटॉपमध्ये आणली.

फरक आहे तो वॅटचा. १३९००केसाठी इंटेलने सांगितलेली मूळ शक्ती १२५ वॅट आणि कमाल शक्ती २५३ वॅट आहे. १३९८०एचएक्ससाठी हेच आकडे ५५ आणि १५७ आहेत. इथे तुम्हाला वाटेल की मूळ शक्ती निम्म्याहून कमी म्हणजे कामही निम्म्याहून कमी होणार. तसे होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेणे तुमच्या अभ्यासाच्या दृष्टीनेही मोलाचे आहे. चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना खर्च होणारी शक्ती ही वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते, त्यामुळे वरच्या टोकाचे शेवटचे काहीशे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. उलट बाजूने पाहा: वारंवारता २० टक्क्यांनी उतरवली आणि त्यामुळे व्होल्टेज १५ टक्क्यांनी कमी करता आले, तर शक्ती ०.८ गुणिले ०.८५ चा वर्ग, म्हणजे मूळच्या सुमारे ५८ टक्के उरते. वेग एक पंचमांशाने घटला आणि उष्णता दोन पंचमांशांहून अधिक घटली. डेस्कटॉपची चिप लॅपटॉपमध्ये मावते ती या एका गणितामुळे.

मात्र नावावर विसंबू नका. आय-९ १३९००एच आणि आय-९ १३९००एचएक्स यांच्या नावात एका अक्षराचा फरक आहे, पण पहिल्यात १४ कोअर आहेत आणि दुसऱ्यात २४. शिवाय ५५ वॅट हा आकडा इंटेलने ठरवलेला पाया आहे. तुमच्या हातातल्या यंत्रात ती चिप दीर्घकाळ ५५ वॅटवर चालेल, ९० वर की १३० वर, हे लॅपटॉप बनवणारा त्याच्या शीतकरणाची कुवत पाहून ठरवतो. म्हणून एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप वेगात वेगवेगळे निघतात, आणि त्यात कोणी फसवलेले नसते.

प्रश्न: मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दीडशे वॅट म्हणजे जुन्या काळचे दोन-अडीच बल्ब. एवढीशी उष्णता बाहेर काढणे इतके अवघड का असावे? – शिक्षिका, सांगली

अडचण उष्णतेच्या परिमाणात कमी आणि ती किती लहान जागेतून येते यात जास्त आहे. घरातली १००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरमागे ५ वॅट पडतात. बाराव्या पिढीच्या मोठ्या इंटेल चिपचे क्षेत्रफळ दोन चौरस सेंटिमीटरांहून थोडेसेच जास्त आहे. तिच्यातून दीडशे वॅट निघाले तर दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ७० वॅट होतात. इस्त्रीच्या चौदापट. त्यातही इस्त्रीचा तळ दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापलेला चालतो, नव्हे तोच तिचा उपयोग. चिपला मात्र १०० अंश सेल्सिअसच्या आसपास लक्ष्मणरेषा आखलेली असते.

आता ही उष्णता चिपवरून उचलून लॅपटॉपच्या कडेपर्यंत न्यायची आहे. भरीव तांब्याची पट्टी त्यासाठी पुरत नाही; लांबी वाढली की तिच्या दोन टोकांतला तापमानाचा फरकही वाढत जातो. तिथे उष्णतानलिका कामाला येते, जिला कारागीर ‘हीट पाइप’च म्हणतात. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ती अंतराळातल्या वापरासाठी विकसित केली. बंद तांब्याची नळी, आतून तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर, थोडेसे पाणी आणि जवळजवळ निर्वात पोकळी, एवढेच तिचे साहित्य. दाब कमी असल्यामुळे पाणी कमी तापमानालाच उकळते, वाफ होऊन थंड टोकाकडे धावते, तिथे पंख्याच्या वाऱ्याने तिचे पुन्हा पाणी होते आणि सच्छिद्र थरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, ते गरम टोकाकडे परतते. पाण्याची बाष्पीभवनाची गुप्त उष्णता ग्रॅममागे सुमारे २३०० जूल धरून आपल्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्या: १०० वॅट उष्णता वाहून न्यायला सेकंदाला फक्त ०.०४ ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. म्हणजे सेकंदाला एक लहानसा थेंब! इतकी वर्षे या क्षेत्रात काढूनही हा आकडा मला थक्क करतो.

पण या नळीलाही मर्यादा आहेत. लॅपटॉप पातळ करायचा म्हणून गोल नळी चपटी केली की वाफेची वाट अरुंद होते. उष्णता एका हद्दीपलीकडे गेली, तर वातीतून पाणी परत येण्याआधीच गरम टोक कोरडे पडते, आणि मग ती नळी नुसती पोकळ तांब्याची नळी उरते. तापमान त्या क्षणी हळूहळू चढत नाही, एकदम उसळते. म्हणून महागड्या लॅपटॉपमध्ये नळ्यांऐवजी चपटी, रुंद बाष्पपेटी बसवतात. तत्त्व तेच, पण वाफेला पसरायला चारही दिशा मोकळ्या.

शेवटी सगळे ओझे हवेवर येते. दीडशे वॅट उष्णता घेऊन हवा २० अंशांनी तापू द्यायची ठरवली, तर सेकंदाला सुमारे साडेसहा लिटर हवा आरपार गेली पाहिजे. डेस्कटॉपमध्ये १२ सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड पंखा, आणि प्रसंगी एक किलोहून जड हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा), हे काम सावकाश फिरत, गुणगुणत करतो. लॅपटॉपमध्ये त्याच कामाला जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचे दोन पंखे असतात आणि त्यांनी हवा खेचायची ती टेबल आणि तळ यांच्यामधल्या बोटभर फटीतून. साहजिकच त्यांना जोरात फिरावे लागते, आणि पंख्याच्या आवाजाची शक्ती त्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. वेग दुप्पट केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. खेळांसाठीच्या लॅपटॉपमध्ये याच नळ्यांवर आणि याच पंख्यांवर ग्राफिक्स चिपचे आणखी १५०-१७५ वॅट येऊन पडतात, हेही हिशेबात धरायला हवे.

प्रश्न: २००४ मध्ये मी ३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ असलेला जाडजूड लॅपटॉप घेतला होता. तो मांडीवर ठेवणे अशक्य होते. माझ्या सहकाऱ्याकडे १.६ गिगाहर्ट्झचा ‘सेंट्रिनो’ होता, आणि तो माझ्या लॅपटॉपइतकाच चपळ वाटे. हे कोडे आजवर सुटलेले नाही. – निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर

आपण या सगळ्या कथेच्या मुख्य वळणावरच खरेदी केली होती. त्या काळी अनेक कंपन्या डेस्कटॉपचा पेंटियम ४ तसाच्या तसा लॅपटॉपमध्ये घालत असत. मागणी पाहून इंटेलनेही २००३ मध्ये अशा जाड लॅपटॉपसाठी पेंटियम ४ चा निराळा अवतार काढला, जो ७० वॅटपर्यंत जाई. पुढे ‘प्रेस्कॉट’ या नावाच्या चिपवर आधारलेले अवतार ८८ वॅटवर पोहोचले. त्या वेळच्या नळ्या आणि पंखे पाहता हे आकडे भयंकर होते. आपल्या मांडीने त्याची साक्ष दिलीच आहे.

पेंटियम ४ ची आखणी गिगाहर्ट्झ वाढवण्यासाठी झाली होती. प्रत्येक सूचनेचे काम लहान लहान टप्प्यांत तोडले की प्रत्येक टप्पा लवकर उरकतो आणि घड्याळ वेगाने चालवता येते. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या प्रेस्कॉटमध्ये हे टप्पे ३१ पर्यंत गेले. तोटा असा, की पुढची सूचना कोणती याचा चिपचा अंदाज चुकला की अर्धवट झालेले ते सगळे काम टाकून नव्याने सुरुवात करावी लागे. वीज खर्च झालेली असे, उष्णता निर्माण झालेली असे, पण हाती काही लागलेले नसे. आपल्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये होता पेंटियम एम. मार्च २००३ मध्ये ‘सेंट्रिनो’ या नावाखाली आलेली ही चिप इंटेलच्या इस्राएलमधल्या हैफा येथील गटाने घडवली. त्यांनी जुन्या पेंटियम ३ च्या घराण्याकडे परत जाऊन टप्पे कमी ठेवले, अंदाज बांधणारी यंत्रणा सुधारली, चिपवरची स्मृती १ मेगाबाइटपर्यंत नेली आणि जो भाग कामात नाही त्याची वीज तोडण्याकडे बारकाईने लक्ष दिले. १.६ गिगाहर्ट्झच्या त्या चिपसाठी इंटेलने धरलेली उष्णता होती २४.५ वॅट. घड्याळाच्या दर ठोक्याला ती अधिक काम उरकत असल्याने कमी ठोक्यांत तिचे भागत असे. तुमचे कोडे ते हेच.

यामागे आणखी खोल कारण आहे. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही जागेमागची उष्णता वाढत नाही. तीस वर्षे उद्योगाने या नियमाच्या जोरावर मजल मारली. २००५ च्या सुमारास ट्रान्झिस्टर इतके लहान झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवणे कठीण झाले. इंटेलने मे २००४ मध्ये पेंटियम ४ चा पुढचा ‘तेजस’ नावाचा वारस रद्द केला. २००६ चा कोअर २ ज्या वाटेने आला, ती वाट पेंटियम एमने पाडून दिली होती. लॅपटॉपसाठी आखलेल्या रचनेने डेस्कटॉपची गादी घेतली, असा उलटा प्रवास त्या वर्षी घडला.

ॲपलचीही तीच कोंडी झाली होती. २००३ मध्ये आलेला जी-५ प्रोसेसर त्यांच्या मोठ्या डेस्कटॉपमध्ये चालला, त्याच्या एका वेगवान आवृत्तीला तर २००४ मध्ये द्रवाने थंड करावे लागले; पण पॉवरबुक लॅपटॉपमध्ये तो कधीच बसू शकला नाही. जून २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी इंटेलकडे जात असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांनी दिलेले मुख्य कारण दर वॅटमागे मिळणारे काम हेच होते.

प्रश्न: मी दुरुस्तीचा व्यवसाय करतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत डेस्कटॉपसारखा सॉकेट असलेले लॅपटॉप हाती येत, प्रोसेसर काढून नवा बसवता येई. आता सगळे डाख दिलेले. ते लॅपटॉप बंद का झाले? – वाचक, छत्रपती संभाजीनगर

तैवानची क्लेव्हो ही कंपनी असे लॅपटॉप बनवण्यात अग्रेसर होती आणि निरनिराळे विक्रेते त्यांवर आपापली नावे लावून ते विकत. २०१५ च्या सुमारास त्यांच्या जाड यंत्रांत आय-७ ६७००के बसे, २०२० मध्ये आय-९ १०९००के. असूसने २०१७ मध्ये आठ कोअरचा, ६५ वॅटचा रायझन ७ १७०० लॅपटॉपमध्ये घातला. एलियनवेअरच्या २०१९ च्या एरिया-५१एममध्ये आय-९ ९९००के होता, आणि त्याला पूर्ण ताकदीने चालवायला ३३० आणि १८० वॅटचे दोन अडॅप्टर एकाच वेळी जोडावे लागत. पावणेचार किलोहून जड लॅपटॉप, त्यात दोन विटांएवढे अडॅप्टर; ही यंत्रे टेबलावरून क्वचितच हलत.

ती मागे पडण्याचे पहिले कारण जाडी. सॉकेट, त्याची पकड आणि प्रोसेसरवरची धातूची टोपी हे सगळे एकावर एक चढते. एचएक्स मालिकेत टोपीच नाही, आणि चिपच्या वेष्टनाची उंची डेस्कटॉपच्या तुलनेत निम्म्याहून कमी आहे. टोपी गेल्यामुळे उष्णतेच्या वाटेतला एक थर कमी झाला, हाही फायदाच. दुसरे कारण असे, की अदलाबदलीची सोय कागदावरच राहत असे. इंटेल दर दोनेक पिढ्यांनी सॉकेट बदलत आले आहे, त्यामुळे ज्याने सॉकेटवाला लॅपटॉप घेतला त्याला पुढच्या प्रोसेसरसाठी मदरबोर्डच बदलावा लागे.

तरीही या बदलात आपल्या व्यवसायाचे आणि ग्राहकाचेही नुकसान झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोसेसर गेला म्हणजे मदरबोर्ड गेला, आणि मदरबोर्ड गेला म्हणजे लॅपटॉप भंगारात, हे समीकरण मला मान्य नाही. जोवर ते बदलत नाही, तोवर निदान एक काळजी घ्या. उघड्या सिलिकॉनवर हीटसिंक बसवताना स्क्रूंशेजारी कोरलेले १, २, ३, ४ हे आकडे पाहूनच, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आळीपाळीने आणि थोडे थोडे आवळत जा. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर हीटसिंक तिरका टेकतो, चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेली उष्णतावाहक पेस्ट एका बाजूला जाड राहते आणि वाईट नशिबाने कोपऱ्याचा टवकाही उडतो.

प्रश्न: माझा लॅपटॉप हिवाळ्यात व्यवस्थित चालतो, एप्रिल-मेमध्ये मात्र व्हिडिओ संकलन करताना रडकुंडीला आणतो. सेवा केंद्रात ‘काही दोष नाही’ म्हणून परत दिला. – छायाचित्रकार, चंद्रपूर

त्यांचे म्हणणे खरे असू शकते. शीतकरणाची कुवत आम्ही दर वॅटमागे तापमान किती अंश चढते, या मापाने मोजतो. समजा तुमच्या लॅपटॉपला दर वॅटमागे अर्धा अंश चढतो आणि चिपची मर्यादा १०० अंश आहे. खोलीत २५ अंश असताना ७५ अंशांची मुभा मिळते, म्हणजे १५० वॅट चालतात. चंद्रपूरच्या मेमध्ये पंखा लावलेल्या खोलीतही ४३ अंश असले तर मुभा ५७ अंशांची उरते आणि चिपला ११४ वॅटवर थांबावे लागते. यंत्रात काहीही न बिघडता शक्ती जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटली. चिप मर्यादेपाशी पोहोचली की स्वतःहून वेग उतरवते. ती तिची सुरक्षायंत्रणा आहे.

परंतु लॅपटॉप दोन वर्षांहून जुना असेल तर उन्हाळ्यावर सगळे ढकलण्याआधी तो उघडून पाहायला सांगा. गेल्या मेमध्ये माझ्या भाच्याचा लॅपटॉप मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. वरून पंखे स्वच्छ दिसत होते, पाती फुंकर मारताच फिरत होती. पंख्याचे झाकण काढल्यावर मात्र पंखा आणि तांब्याच्या बारीक जाळीच्या मधोमध करड्या रंगाचा, नमद्यासारखा दाबून बसलेला एक पट्टा निघाला. लांबी बोटाएवढी, जाडी दोन-तीन मिलिमीटर. चिमट्याने एक टोक धरले तर तो अखंड उचलला गेला. अंथरुणाच्या चादरीचे तंतू, केस आणि धूळ यांनी तो विणला गेला होता, आणि साडेसहा लिटर हवेची ती सगळी वाट त्याने अडवली होती. चिपवरची पेस्टही मधोमध ओसरून कडांना सुकलेली होती. दोन्ही गोष्टी नीट केल्यावर तेच काम करताना तापमान १४ अंशांनी उतरले. बाहेरून हवेचा झोत मारून हा पट्टा निघत नाही, उलट जाळीवर आणखी घट्ट बसतो. झाकण काढावेच लागते. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून काम करण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

प्रश्न: चार्जर काढला की माझ्या महागड्या लॅपटॉपचा वेग निम्मा होतो. बॅटरी खराब आहे का? – वाचक, ठाणे

बहुधा नाही. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे (त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते), म्हणून मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपचीही बॅटरी ९९ वॅट-तासांच्या आसपास थांबते. एकटा प्रोसेसर १५० वॅट घेऊ लागला तर ती चाळीस मिनिटांत संपेल. प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून २५० वॅट मागू लागले, तर सुमारे १५ व्होल्टच्या बॅटरीतून १६-१७ अँपिअर प्रवाह सतत ओढावा लागेल; तसे केले तर सेल तापतात आणि लवकर म्हातारे होतात. म्हणून निर्माता बॅटरीवर असताना शक्तीला मुद्दाम लगाम घालतो.

दुसरी तक्रार अनेकांची असते, की नुसते टंकलेखन करतानाही अशा लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते. ती तक्रार रास्त आहे. डेस्कटॉपचे सिलिकॉन आखताना निष्क्रिय असतानाचे दोन-चार वॅट वाचवण्याला प्राधान्य नसते, कारण तिथे भिंतीतली वीज असते. एएमडीच्या एचएक्स चिपमध्ये तर कोअरचे तुकडे आणि बाकी कामांचा तुकडा वेगवेगळे असून त्यांच्यामधला दुवा काम नसतानाही वीज घेत राहतो. हा गुण डेस्कटॉपकडून आलेला आहे आणि कोणत्याही सेटिंगने तो पुरता जात नाही.

प्रश्न: पेस्टऐवजी द्रवधातू लावावा का? आणि व्होल्टेज कमी करण्याचा पर्याय माझ्या लॅपटॉपमध्ये दिसत का नाही? – दोन वाचक, नाशिक आणि पणजी

गॅलियमच्या मिश्रधातूचा हा द्रव उष्णता पेस्टपेक्षा कितीतरी चांगली वाहतो आणि काही कंपन्या तो कारखान्यातच लावतात, चहूबाजूंनी बांध घालून. घरी लावू नये असे मी सांगेन, कारण तो वीजवाहक आहे. एक थेंब शेजारच्या सुट्या भागांवर गेला की मदरबोर्ड गेला. ॲल्युमिनियमला तर तो अक्षरशः पोखरतो. त्याऐवजी ठरावीक तापमानाला मऊ होऊन पसरणारी पट्टी मिळते, ती पेस्टप्रमाणे बाजूला सरकत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. घरगुती हातांसाठी तीच उत्तम.

व्होल्टेजचा पर्याय नाहीसा होण्याला निश्चित कारण आहे. डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची त्रुटी जाहीर केली, जिच्यात सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज खाली ओढून इंटेलच्या प्रोसेसरमधल्या संरक्षित कप्प्यात चुका घडवता येत होत्या. त्यानंतर बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अद्यतनांतून हा पर्याय बहुतेक लॅपटॉपमध्ये बंद केला गेला. काही एचएक्स लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो अजून उघडा असतो. तिथे १० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी उतरत जाणे आणि प्रत्येक पायरीवर तासभर जड काम चालवून पाहणे, हीच पद्धत वापरा.

प्रश्न: मी वास्तुविशारद आहे. दिवसभर त्रिमितीय आराखडे आणि रात्री रेंडरिंग, म्हणजे त्यांपासून चित्रे तयार करणे, चालते. एचएक्स प्रोसेसरचा लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉप? घेताना काय विचारू? – वाचक, सोलापूर

रेंडरिंग रात्री आणि एकाच जागी होणार असेल तर डेस्कटॉप घ्या आणि साइटवर नेण्यासाठी साधा, हलका लॅपटॉप ठेवा. रात्रभर चालणाऱ्या कामाला शांत, मोठे पंखे आणि बदलता येणारे सुटे भाग यांना तोड नाही. तुमचे रेंडरिंगच ग्राहकासमोर किंवा साइटवर होत असेल, किंवा ऑफिस आणि घर यांच्यात यंत्र रोज न्यावे लागत असेल, तरच एचएक्सचा पैसा वसूल होतो.

दुकानात विचारायचा प्रश्न एकच: हा लॅपटॉप सलग किती वॅटवर चालतो? उत्तर बहुधा मिळणार नाही, म्हणून स्वतः पाहा. इंटेलच्या चिपला दोन मर्यादा असतात, एक थोड्या वेळासाठीची मोठी आणि दुसरी दीर्घकाळाची लहान. जाहिरातीतले आकडे बहुधा पहिल्या मिनिटातले असतात. दुकानदाराची परवानगी घेऊन प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या सिनेबेंच या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची चाचणी लावा, शेजारी तापमान आणि वॅट दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम उघडा आणि ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ या ओळीकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला तिथे १५० दिसेल. आठव्या मिनिटाला जो आकडा दिसेल तो तुमचा खरा लॅपटॉप. माझ्या मते रेंडरिंगसाठी तो ९० च्या खाली नसावा. त्याच वेळी हात कीबोर्डवर ठेवून पाहा आणि पंख्यांचा आवाज ऐका. रात्री अकरा वाजता शेजारच्या खोलीत मूल झोपलेले असताना तो सोसवेल का, याचा विचार तिथेच करा.

प्रश्न: अशा लॅपटॉपला टाइप-सी चार्जर चालतो का? प्रवासात अडॅप्टरची वीट नेणे नको होते. – वाचक, मुंबई

बऱ्याच लॅपटॉपना १०० वॅटपर्यंतचा टाइप-सी चार्जर चालतो आणि लेखन, बैठका, हलके काम यांना तो पुरतो. २०२१ मध्ये आलेल्या नव्या मानकात हीच मर्यादा ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅटपर्यंत वाढवली आहे. पण त्यासाठी चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिघांनाही ती क्षमता असावी लागते, आणि केबलवर २४० वॅट असे छापलेले असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही पूर्ण जोरात चालवणाऱ्या लॅपटॉपला ३३० वॅटची वीट लागतेच. ती घरी ठेवून निघालात, तर रेंडरिंग परतल्यावर करण्याच्या हिशेबानेच निघा.